धंद्यात ‘उडी’ मारण्याआधी : दर रविवारी विमानातून उडी मारणाऱ्या लोकांकडून शिकायचे पाच धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण स्कायडायव्हिंगचं उदाहरण घेतलं. व्हिडिओ वीस मिनिटांचा, त्यामुळे बरंच काही राहून गेलं. ते सगळं इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी हा विषय कुठून निघाला ते सांगतो. मागच्या बॅचमध्ये एक दादा होते. वय अडतीस, एमआयडीसीतल्या कंपनीत चौदा वर्षं नोकरी. पहिल्याच दिवशी ओळख करून देताना म्हणाले, “सर, खूप विचार केला. आता ठरवलंय, राजीनामा द्यायचा आणि उडी मारायची!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी विचारलं, “छान. किती रुपये गेले की थांबणार?”

दादा गप्प. मग म्हणाले, “सर, सुरुवातीलाच असं अशुभ कशाला बोलायचं?”

मित्रांनो, आपण धंद्यात ‘उडी मारणे’ हा शब्द फार सहज वापरतो. आपल्या डोक्यात उडी म्हणजे डोळे मिटायचे, देवाचं नाव घ्यायचं आणि स्वतःला झोकून द्यायचं. म्हणून मी ठरवलं, जे लोक खरोखर तेरा हजार फुटांवरून उडी मारतात, तीही एकदा नाही तर दर शनिवार-रविवारी, ते कशी मारतात ते बघूया. बघितलं तर चित्र एकदम उलटं निघालं. ते लोक डोळे मिटत नाहीत. आणि माझा जो प्रश्न दादांना अशुभ वाटला, तोच प्रश्न त्यांना पहिल्या दिवशी, जमिनीवर असतानाच विचारला जातो.

ही माणसं कोण आहेत?

आपल्याकडे हा छंद अजून फारसा रुजलेला नाही. तो मोठ्या प्रमाणावर बघायचा तर अमेरिकेत बघावा लागतो. कॅलिफोर्नियातलं पेरिस, ॲरिझोनातलं एलॉय, फ्लोरिडातलं डीलँड ही या छंदाची मोठी गावं. जिथे उडी मारली जाते त्या जागेला ‘ड्रॉपझोन’ म्हणतात. एक छोटी धावपट्टी, एक-दोन विमानं, एक मोठी शेड, शेडमध्ये जमिनीवर अंथरलेलं कार्पेट आणि बाजूला तंबू किंवा गाड्या लावून राहिलेली माणसं.

ही माणसं म्हणजे कोणी फौजी कमांडो नव्हेत. सोमवार ते शुक्रवार ती साधी नोकरी करतात. कोणी नर्स, कोणी सुतार, कोणी सॉफ्टवेअरवाला, कोणी शाळेत शिक्षक. शनिवारी सकाळी येतात, खिडकीवर नाव नोंदवतात, त्या खिडकीला ‘मॅनिफेस्ट’ म्हणतात. नाव ज्या फेरीत लागेल ती त्यांची ‘लोड’. मोठं ट्विन ऑटर विमान असेल तर एका फेरीत वीस-बावीस जण, छोटं सेस्ना असेल तर चार-पाच. अनुभवी माणसाला एका फेरीचं तिकीट साधारण तीस डॉलरच्या आसपास पडतं.

वर जायला पंधरा-वीस मिनिटं. मग दार उघडतं. साधारण एक मिनिट मुक्त पडणं, ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने. मग पॅराशूट उघडतं आणि पाच-सात मिनिटं तरंगत खाली. खाली आल्यावर गुडघे टेकून कार्पेटवर पॅराशूटची घडी घालायची आणि पुढच्या फेरीला नाव द्यायचं. दिवसभर हेच. म्हणजे आनंदाचं एक मिनिट आणि त्याच्या आधी-नंतर तयारीचे तासन् तास. तुमच्या माझ्या धंद्यासारखंच!

आता धडे बघूया.

धडा १ : पायऱ्या ठरलेल्या आहेत, कोणी पायरी गाळत नाही

अमेरिकेत या छंदाची संघटना आहे, युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन. तिच्या नियमांनुसार लायसन्सच्या चार पायऱ्या आहेत. ‘ए’ लायसन्सला किमान २५ उड्या, ‘बी’ला ५०, ‘सी’ला २०० आणि ‘डी’ला ५००. नुसत्या उड्या मोजून भागत नाही, प्रत्येक पायरीला परीक्षा आणि करून दाखवायची कामं असतात.

नवीन माणूस आला की आधी काही तास जमिनीवर वर्ग. सध्याच्या प्रचलित पद्धतीत पहिल्या उड्यांना दोन प्रशिक्षक त्याला दोन्ही बाजूंनी धरून असतात. जमायला लागलं की एक प्रशिक्षक. मग एकट्याने.

हातापायांना पंखांसारखं कापड असलेला तो ‘विंगसूट’ तुम्ही व्हिडिओत बघितला असेल. तो घालायला आधी किमान २०० उड्या लागतात. हेल्मेटवर छोटा कॅमेरा लावायला सुद्धा आधी २०० उड्या कराव्यात असा सल्ला आहे. नवशिक्याला वाटतं, एवढासा कॅमेरा, त्याने काय होतंय? होतं असं की लक्ष उंचीवरून उडतं आणि शूटिंगवर जातं.

आणि लायसन्स मिळालं म्हणजे कायमचं झालं, असंही नाही. ‘ए’ लायसन्सवाला ६० दिवस उडी न मारता राहिला तर त्याने पुन्हा जाणकाराच्या देखरेखीखाली सुरुवात करायची असते.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये थायलंडमध्ये नऊवारी साडी नेसून स्कायडायव्हिंग केलं, ते फोटो तुम्ही पाहिले असतील. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आहे. ते फोटो बघून मला बरेच जण म्हणतात, “बघा सर, हिंमत पाहिजे!” हिंमत पाहिजेच. पण फोटो नीट बघा. साडीवर पॅराशूटचे पट्टे कसलेले आहेत, डोक्यावर हेल्मेट आहे, डोळ्यांवर गॉगल आहे. आणि त्या दिवसाआधी त्यांच्या नावावर शेकडो उड्या जमा होत्या. लोकांना नऊवारी दिसते, आधीची वर्षं दिसत नाहीत.

तुमच्यासाठी : राजीनामा ही तुमची पहिली उडी नसावी. रविवारच्या बाजारात स्टॉल लावा. सोसायटीतल्या वीस घरांना डबा द्या. बचतगटाच्या प्रदर्शनात शंभर पाकिटं विकून बघा. या तुमच्या पहिल्या पंचवीस उड्या. यातली प्रत्येक वहीत लिहा. स्कायडायव्हर सुद्धा प्रत्येक उडी लॉगबुकात लिहितो आणि सही घेतो.

धडा २ : पाठीवर दोन पॅराशूट असतात, आणि दुसऱ्याला कोणी हात लावत नाही

पाठीवरच्या पिशवीला ‘रिग’ म्हणतात. तिच्यात दोन पॅराशूट असतात. एक मुख्य, रोजचं. दुसरं राखीव. मुख्य पॅराशूटची घडी माणूस स्वतः घालतो किंवा पैसे देऊन तिथल्या पॅकरकडून घालून घेतो. पण राखीव पॅराशूटची घडी सरकारमान्य ‘रिगर’नेच घालायची, त्यावर सील लावायचं आणि कार्डावर तारीख टाकायची. अमेरिकेत नियम असा की ते वापरलं गेलं नाही तरी दर १८० दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा घडी घालायची. तारीख उलटली तर ती रिग घालून विमानात बसता येत नाही. “या आठवड्यात चालवून घ्या साहेब” असं तिथे चालत नाही.

तिसरी गोष्ट आहे एक छोटं यंत्र. १९९१ मध्ये जर्मनीतल्या एअरटेक कंपनीने ‘सायप्रेस’ नावाचं उपकरण बाजारात आणलं. माणूस बेशुद्ध पडला किंवा गोंधळला आणि साधारण ७५० फुटांपर्यंत वेगात पडतच राहिला, तर हे यंत्र राखीव पॅराशूटची दोरी आपोआप कापतं आणि ते उघडतं. असं उपकरण आज बहुतेक सगळ्यांच्या रिगमध्ये असतं. पण प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून बजावतात : यंत्र आहे असं समजून वागायचं नाही. दोरी तुम्हीच ओढायची.

तुमच्यासाठी : राखीव निधी म्हणजे घरखर्चाचे सहा महिन्यांचे पैसे. ते धंद्याच्या खात्यात नकोत. वेगळ्या खात्यात, शक्यतो घरातल्या दुसऱ्या व्यक्तीच्या सहीशिवाय निघणार नाहीत असे. ‘चांगला माल स्वस्तात मिळतोय’ म्हणून त्याला हात लावला, तर तुम्ही राखीव पॅराशूट काढून त्याजागी डब्याची पिशवी भरली असं समजा. आणि दर सहा महिन्यांनी तपासा : महागाई वाढली, मुलांची फी वाढली, मग तेवढेच पैसे पुरतील का?

धडा ३ : ‘किती उंचीवर सोडायचं’ हे जमिनीवरच ठरतं

आजचा मुख्य धडा हा. इथे थोडा वेळ थांबा.

मुख्य पॅराशूट उघडलं की स्कायडायव्हर वर बघून स्वतःला तीन प्रश्न विचारतो. आहे का? चौकोनी आहे का? वळतंय का? म्हणजे कापड बाहेर आलंय का, पूर्ण फुललंय का, आणि दोऱ्या ओढल्या तर माझं ऐकतंय का. तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तर ठीक.

‘नाही’ आलं तर काय? कधी दोऱ्यांना पीळ पडलेला असतो, कधी एक बाजू फुललेली नसते. काही गोष्टी हवेत सुटतात, पाय झाडून पीळ काढता येतो. पण वेळ किती? मुक्त पडताना हजार फूट जायला सहा सेकंद सुद्धा लागत नाहीत. अर्धवट उघडलेल्या पॅराशूटखाली वेग थोडा कमी असतो, पण जमीन वर येतच असते.

म्हणून नियम आहे : निर्णयाची उंची. विद्यार्थी आणि ‘ए’ लायसन्सवाल्यांसाठी २,५०० फूट, त्याहून अनुभवींसाठी १,८०० फूट. त्या उंचीपर्यंत पॅराशूट सुधारलं नाही तर पुढे विचार नाही, प्रयत्न नाही. उजव्या बाजूची मूठ ओढून मुख्य पॅराशूट तोडून टाकायचं, याला ‘कटअवे’ म्हणतात. लगेच डाव्या बाजूची मूठ ओढून राखीव उघडायचं. हा सराव जमिनीवर टांगलेल्या पट्ट्यांमध्ये लोंबकळून, पुन्हा पुन्हा करून घेतात. विमानात वर जाताना सुद्धा लोक दोन्ही मुठींना हात लावून मनात उजळणी करताना दिसतात.

तोडलेलं पॅराशूट वाऱ्यावर वाहत जातं. कधी शेतात सापडतं, कधी सापडतच नाही. त्याची किंमत हजारो डॉलर असते. तरीही शिकवण स्पष्ट आहे : ते गेलं तर जाऊ दे.

ही तोडण्याची व्यवस्था सुद्धा सहज आलेली नाही. जुन्या पद्धतीत खांद्यावरचे खटके सोडून पॅराशूट वेगळं करायला खटपट लागायची. १९७० च्या दशकात बिल बूथ या अमेरिकन कारागीर-उद्योजकाने तीन कड्यांची रचना शोधली. लहान कडी मोठीत, ती त्याहून मोठीत, अशी अडकवलेली. वर माणसाचं पूर्ण वजन लोंबत असलं तरी खाली एका हाताने मूठ ओढली की सगळं सुटतं. आज जगभरातल्या रिगवर हीच तीन कडी दिसतात. विचार करा मित्रांनो : या माणसाने धरून ठेवायची नाही, तर चटकन सोडता येण्याची वस्तू बनवली आणि तिने किती जीव वाचवले!

मग माणसं मरतात कशी? अपघातांच्या अहवालात एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसते. राखीव पॅराशूट चांगलं होतं, मूठ जागेवर होती, पण माणूस बिघडलेलं पॅराशूट दुरुस्त करत राहिला. “अजून एकदा ओढून बघतो, आता सुटेल.” आणि सोडलं तेव्हा राखीव फुलायला उंची उरली नव्हती.

आता माझी गोष्ट सांगतो. व्हिडिओत सांगितली नव्हती.

प्रशिक्षक होण्याआधी माझं कापडी पिशव्यांचं युनिट होतं. भाड्याचा गाळा, चार शिलाई मशीन, तीन ताई कामाला. एकच मोठा ग्राहक, आणि त्याचं पेमेंट कायम लांबणीवर. सहाव्या महिन्यात मला कळलं होतं की हे जमत नाहीये. वहीत एक लाख ऐंशी हजारांचा तोटा स्पष्ट दिसत होता. त्या रात्री बायकोने जेवण वाढताना साधा प्रश्न विचारला, “किती गेले की थांबायचं, ते ठरवलंय का?” मी ताटावरून उठलो. म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही.

त्यानंतर आठ महिने मी पीळ काढत बसलो. दिवाळीत ऑर्डर येईल, मार्चमध्ये पेमेंट येईल, पुढच्या महिन्यात नक्की. तिच्या पाटल्या गहाण पडल्या, मग मोडल्या. चौदाव्या महिन्यात गाळा सोडला तेव्हा तोटा सहा लाखांच्या वर गेला होता. आणि त्या तीन ताईंचा शेवटचा पगार मी पाच महिन्यांनी देऊ शकलो.

तोटा झाला याचं मला आज दुःख नाही, धंद्यात तोटा होतो. दुःख याचं आहे की ज्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी द्यायला हवं होतं तो मला अपमान वाटला. पडत असताना माणसाचं डोकं खरं बोलत नाही. ते फक्त ‘अजून एकदा’ म्हणतं. म्हणून आकडा जमिनीवर असताना लिहायचा असतो.

तुमच्यासाठी : तीन प्रश्न दर महिन्याच्या एक तारखेला. ग्राहक परत येतोय का? खर्च वजा जाता काही उरतंय का? मी ठरवतो तसं घडतंय का, की फक्त धावपळ चालू आहे? आणि एक आकडा, एक तारीख : ‘एवढे रुपये गेले किंवा ही तारीख आली, आणि तिन्ही उत्तरं ‘हो’ नसतील, तर बंद.’ धंदा बंद करणं म्हणजे तुम्ही बंद झालात असं नाही. कटअवे केलेला माणूस त्याच संध्याकाळी दुसरी रिग घेऊन पुन्हा वर जातो, असं तिथे नेहमी घडतं.

धडा ४ : आपली माणसं म्हणजे टाळ्या वाजवणारी नव्हे, तपासणारी

या लोकांचं एकमेकांशी नातं फार मजेशीर आहे. तिथे एक न लिहिलेला नियम आहे : कोणतीही गोष्ट पहिल्यांदा केली की सगळ्यांना बिअर पाजायची. पहिली एकट्याची उडी, नवीन रिग, पहिला कटअवे, सगळ्याला बिअर. पण ती संध्याकाळी, शेवटचं विमान उतरल्यावरच. शंभरावी उडी झाली की मित्र मलईचं ताट तोंडावर फासतात. आणि राखीव पॅराशूटने जीव वाचला की ज्याने त्याची घडी घातली त्या रिगरला एक बाटली भेट द्यायची परंपरा आहे. आपल्याकडे पेढे वाटतात तसंच समजा.

पण ही मजा वरची. आतली गोष्ट वेगळी. विमानात चढण्याआधी आणि दार उघडण्याआधी लोक एकमेकांची रिग तपासतात. पाठीवरची पिन स्वतःला दिसत नाही ना! ५,००० उड्यांचा माणूस सुद्धा २५ उड्यांच्या पोराकडे पाठ करून म्हणतो, “बघ रे जरा.” यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

दुसरं, चूक लपवत नाहीत. संघटनेच्या ‘पॅराशूटिस्ट’ मासिकात अपघातांची माहिती छापली जाते, काय झालं, कुठे चुकलं, काय करता आलं असतं. मेलेल्या माणसाचं नाव खराब करायला नव्हे, तर पुढचा वाचावा म्हणून. १९९७ पासून दर वर्षी हंगामाच्या तोंडावर ‘सेफ्टी डे’ पाळतात, त्या दिवशी जुने-नवे सगळे एकत्र बसून उजळणी करतात.

तिसरं, तिथे ‘नाही’ म्हणणारा असतो. नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर आहे. वारा त्यावर गेला की विद्यार्थी बसून राहतात. पैसे भरलेत, रजा टाकलीय, दोनशे किलोमीटर गाडी चालवून आलोय, काही चालत नाही. आणि लक्षात घ्या, त्या बसण्यात ड्रॉपझोनच्या मालकाचं नुकसान असतं. विमान उभं, पायलट बसलेला, तरी तो नाही म्हणतो. कारण मर्यादा वारा सुटण्याआधी ठरलेली आहे.

याचा परिणाम काय? १९७० च्या दशकात अमेरिकेत या छंदात वर्षाला सरासरी चाळीसच्या वर माणसं जात होती. २०२३ साली साधारण साडेछत्तीस लाख उड्यांमध्ये १० जण गेले. धोका संपलेला नाही. पण तो कमी झाला तो चांगल्या साधनांमुळे आणि या तपासण्याच्या सवयीमुळे.

तुमच्यासाठी : दोन माणसं शोधा. एक, तुमच्याच धंद्यातला जुना माणूस, जो तुमची वही बघून “इथे चुकतंय” म्हणेल. दुसरं, घरातलं कोणी. महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर खरी वही उघडायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे दाखवणारे शंभर जण असतात, त्यांना पिन दिसत नाही.

धडा ५ : खरा धोका जमायला लागल्यावर सुरू होतो

तुम्हाला वाटेल, सगळ्यात जास्त धोका पहिल्या उडीला. तसं नाही. पहिल्या उडीला सगळे तुमच्याकडे बघत असतात. धोका वाढतो तो शंभर-दोनशे उड्यांनंतर, जेव्हा माणसाला वाटतं ‘आता आपल्याला कळलं’.

मोठं पॅराशूट हळू उतरतं. अनुभव वाढला की लोक लहान पॅराशूट घेतात, ते जास्त वेगवान आणि जास्त चपळ. मग काही जण जमिनीच्या अगदी जवळ जोरात वळण घेऊन झपकन उतरायला बघतात, बघणाऱ्यांना ते भारी दिसतं. अपघातांचा मोठा वाटा इथे असतो : पॅराशूट पूर्ण उघडलेलं, काहीही बिघाड नाही, आणि माणूस खाली आदळतो. बिल बूथ यांचं या बाबतीतलं निरीक्षण या लोकांमध्ये प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की साधनं जितकी सुरक्षित होतात, तितकी माणसं जास्त धोका घ्यायला लागतात आणि हिशेब बरोबरीत आणतात.

म्हणून तिथले जाणते लोक लहान पॅराशूट एकदम घेऊ देत नाहीत. एक-एक माप उतरत जायचं, मधे कोच लावायचा, आणि आधीच्या मापावर सगळं जमलं तरच पुढचं.

तुमच्यासाठी : पहिलं दुकान चाललं की लगेच दुसरी शाखा, मोठं कर्ज, मोठा गाळा! मी असे कितीतरी धंदे बघितलेत जे वाईट दिवसांत टिकले आणि चांगल्या दिवसांत बुडले. एक माप खाली, मग थांबा, वही बघा. दुसऱ्या शाखेसाठी सुद्धा नवा आकडा आणि नवी तारीख लिहा. पहिल्या धंद्याचा आकडा दुसऱ्याला चालत नाही.

आजचा गृहपाठ

एका कोऱ्या कागदावर, पेनाने, मोबाइलवर नको :

१. माझ्या पहिल्या पंचवीस छोट्या उड्या कोणत्या? निदान पहिल्या पाच लिहा, तारखेसह.

२. माझं राखीव पॅराशूट : किती रुपये, कोणत्या खात्यात, शेवटचं कधी तपासलं?

३. माझी निर्णयाची उंची : ____ रुपये तोटा किंवा ____ तारीख. यापुढे ‘अजून एकदा’ नाही.

४. माझी पिन तपासणारी दोन माणसं : नावं लिहा आणि आजच फोन करा.

कागदाखाली तुमची सही आणि घरातल्या एका माणसाची सही. मग तो कागद दुकानात किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

जाता जाता, ते एमआयडीसीवाले दादा. पुढच्या रविवारी ते कागद घेऊनच आले. अडीच लाख आणि पुढच्या वर्षीची गुढीपाडव्याची तारीख, खाली दोघांच्या सह्या. म्हणाले, “सर, आकडा ठरवताना घरी दोन तास भांडण झालं. पण त्या रात्री बायको पहिल्यांदा म्हणाली, करा तुम्ही, मी आहे.” राजीनामा त्यांनी अजून दिलेला नाही. सध्या शनिवार-रविवारी स्टॉल लावतात, सातवी उडी झाली आहे, आणि वही नीट लिहितात.

कागद तयार झाला की पुढच्या रविवारच्या लाइव्ह सत्रात घेऊन या. पुढच्या भागात आपण निर्णयाच्या उंचीचा आकडा किराणा, खानावळ आणि शिवणकाम या तीन धंद्यांसाठी कसा काढायचा ते प्रत्यक्ष वहीवर करून बघणार आहोत.

तोवर भेटूया, काळजी घ्या, आणि वर जाण्याआधी मुठींना एकदा हात लावून बघा!